कुल्फीची जट

कस्तुराच्या खोलीत सतत कुणीतरी झोपलेलं असे. ती पहिल्या पाळीला कंपनीत गेली की नवरा, ज्योतीराम, भोसरीहून रात्रपाळी करून यायचा आणि डोक्यावर चादर ओढून पडायचा. दुपारी ती परतली की तो उठून चहाची वाट बघत बसलेला असायचा, आणि त्याला चहा देऊन तीच भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायची. खराळवाडीतल्या त्या पत्र्याच्या चाळीत नवराबायकोचं बोलणं व्हायचं ते येता-जाता, उंबऱ्यात, पायात चपला असताना. एकुलती मुलगी लग्न होऊन देहूरोडला गेली तेव्हापासून तर घरात मोठ्यानं बोलायचं कारणच उरलं नव्हतं.

कस्तुरा औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. समोरच्या पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या, त्या उचलून खोक्यात भरायच्या, खोकं पुढं ढकलायचं. काम जड नव्हतं, पण उभ्यानं होतं. चाळिशी यायच्या आधीच तिच्या पोटऱ्यांच्या शिरा निळ्या दोऱ्यांसारख्या वर आल्या होत्या. घरी आल्यावरही डोळे मिटले की बाटल्या सरकतच राहायच्या.

मांजर आली ती कंपनीतूनच. पॅकिंगच्या सुपरवायझर कुसुमताईंच्या ओळखीतल्या एका साहेबांची दिल्लीला बदली झाली होती. त्यांची लांब केसांची मांजर गाडीतून नेणं जमेना. कुसुमताईंनी पॅकिंगमध्ये सगळ्यांना विचारून पाहिलं. चाळीत उंदरांनी उच्छाद मांडला होता, ज्योतीरामचा नवा बूटसुद्धा त्यांनी टाचेकडून खाल्ला होता, म्हणून कस्तुरा हो म्हणाली. साहेबांच्या बाईंनी मांजराचं नाव ‘फ्लफी’ असं सांगितलं, रोज विंचरावं लागतं हेही सांगितलं आणि डोळे पुसत आत निघून गेल्या. चाळीत आल्यावर दोन दिवसांत फ्लफीची कुल्फी झाली.

कुल्फी दिसायला मोठी देखणी होती. पांढरी, पाठीवर चहा सांडल्यासारखा फिकट पट्टा, मानेभोवती आयाळ आणि शेपटी उसाच्या तुऱ्यासारखी. पण उंदराच्या नावानं शिमगा. उंदीर तिच्या ताटलीतलं दूध पिऊन जायचे आणि ती मान वाकडी करून बघत बसायची. ज्योतीराम म्हणायचा, “ही बी सुपरवायझरच हाय. काम करत न्हाई, नुसती नजर ठेवती.”

उन्हाळा निभावला. कस्तुरा येता-जाता तिच्या अंगावरून आपलीच फणी फिरवायची. पावसाळा संपला, चाळीमागच्या मोकळ्या जागेत गवत कमरेइतकं वाढलं आणि वाळायला लागलं, आणि नेमका तेव्हाच कंपनीत ओव्हरटाइम लागला. दिवाळीपर्यंत मोठी ऑर्डर पुरी करायची होती. कस्तुरा उजेडात निघायची ती दिवे लागल्यावर परतायची. कुल्फीपुढं दूध ठेवायचं, तिच्या अंगावर पाय पडू द्यायचा नाही, एवढंच काय ते तिला जमायचं. कुल्फी दिवसभर त्या गवतात लोळायची. आघाडा, कुसळं, गोखरू, जे चिकटेल ते घेऊन घरी यायची.

ओव्हरटाइम संपला त्या आठवड्यात कस्तुरानं तिला एकदा उचलून घेतलं, आणि हाताला भलतंच काही लागलं. पोटाखाली, काखेत, मागच्या मांड्यांच्या आतून केस राहिलेच नव्हते. त्यांच्या जागी कडक, चपटे गठ्ठे झाले होते, गोवरीचे तुकडे चिकटवावेत तसे. कानामागं दोन गोळे लोंबत होते. तिनं फणी घातली तर फणीचे दोन दात मोडून आत राहिले आणि कुल्फी किंचाळली.

माणसाच्या केसांत गुंता झाला की तेल लावतात. कस्तुरानं खोबरेल घेतलं आणि गठ्ठ्यांवर चोपडलं. कुल्फी तशीच अंगणातल्या धुळीत जाऊन लोळली, आणि तेलानं धूळ धरली. मग पुढच्या सुट्टीला कस्तुरानं तिला बादलीत बसवून कपड्याच्या साबणानं धुतलं. दोन्ही हातांवर ओरखडे निघाले. लोकर भिजवून मळली की तिची घोंगडी होते, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती, पण मांजराच्या बाबतीत ते तिच्या डोक्यातच आलं नाही. उन्हात वाळल्यावर गठ्ठे आवळले, एकमेकांत गुंतले, आणि पोटाखाली एकसंध पाटा तयार झाला. कुल्फी एक पाय बांधल्यासारखी चालू लागली. भिंतीवर उडी मारणं तिनं सोडूनच दिलं. कुणी हात लावायला गेलं की ती फिस्कारायची.

शेजारच्या खोलीत गिरजाबाई राहायची. सांगलीकडची, साठीची बाई. मुलगा टेम्पोवर होता, सून शाळेत सफाईला जायची. गिरजाबाईच्या डोक्यावरचा पदर कधी ढळत नसे, कारण पदराखाली जट होती. मनगटाएवढी जाड, मागून वेटोळं घालून खांद्यावर आलेली. देवीची जट, म्हणून तिला कात्री लागलेली नव्हती, की फणी. मंगळवार-शुक्रवार चाळीतल्या बायका तिच्या पाया पडायच्या, बाळाला दृष्ट लागली की तिच्याकडं घेऊन यायच्या.

त्या गिरजाबाईनं एका सकाळी कुल्फीला अंगणात बसलेलं पाहिलं. वाकून कानामागचे गोळे बघितले आणि दोन्ही हात जोडले.

“कस्तुरा, गुंता न्हवं बाई ह्यो. जट हाय. कात्री लावू नगंस. आई आपल्या पायानं दारी आलीया.”

कस्तुराला पाळीवर जायची घाई होती. “मावशी, आघाड्याचा गुंता हाय त्यो,” एवढंच ती म्हणाली आणि निघाली. तिच्या माहेरी, मावळातल्या गावात, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले देव नदीत गेले होते आणि आत्याच्या डोक्यावरची जट कात्रीखाली गेली होती. कस्तुरा तेव्हा परकरी पोर होती. आत्यानं डोक्यावरून हात फिरवत “हलकं लागतंय गं” म्हटलेलं तिला आठवत होतं. पण हे सगळं उंबऱ्यात उभं राहून सांगायचं म्हणजे वाद घालायचा, आणि वादाला अंगात जोर लागतो.

ती वाद घालत बसली नाही, त्याचा अर्थ चाळीनं आपल्या सोयीनं लावला. दुपारी परत आली तर कुल्फीच्या कपाळाला हळदीकुंकू होतं. शुक्रवारी दारात उदबत्ती लागली. पुढच्या मंगळवारी पलीकडच्या चाळीतल्या बायका आल्या. कुणी खोबऱ्याची वाटी ठेवली, कुणी साखर. कुल्फी साखर हुंगून बाजूला झाली तर “नैवेद्य घेतला” असं एकीनं सगळ्यांना सांगितलं. आत ज्योतीराम झोपलेला. आधी त्यानं उशी कानावर धरली. मग बाहेर आरतीचे सूर लागले, तसा तो बनियनवर उठून दारात आला, आणि बायका पदर सावरत पांगल्या.

कस्तुरा आली तेव्हा तो दाराला पाठ लावून बसला होता. डोळे लाल झाले होते.

“ह्ये काय चाललंय आपल्या दारात?”

“मी कुठं बोलावलं त्यांना?”

“नको बी म्हणाली न्हाईस. बाबासाहेबांचा फोटो आत भिंतीवर, आन भायेर मांजराची आरती. उद्या कंपनीतली पोरं मला तीर्थ मागतील.” तो आवाज चढवून बोलत नव्हता, झोपमोडीनं त्याचा आवाजच बसला होता. “एक तर त्ये काप, न्हाईतर तिला पोत्यात घालून रावेतला नदीकाठी सोडून ये. मला दोन तास डोळा लागू दे, बास.”

“गुरुवारी बघते,” कस्तुरा म्हणाली.

गुरुवार हा सगळ्या कारखानदारी पट्ट्याचा सुट्टीचा दिवस. ज्योतीराम सकाळीच लेकीकडं देहूरोडला गेला. कस्तुरानं ब्लाउज बेतायची कात्री काढली, दार लोटून घेतलं आणि कुल्फीला जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीत धरलं. कानामागचा पहिला गोळा सुटून हातात आला. तिला बरं वाटलं. मग तिनं काखेतला गठ्ठा धरून ओढला आणि त्याच्या बुडाशी कात्री चालवली.

गठ्ठ्याबरोबर कातडीही वर ओढली गेली होती, हे तिला दिसलं नाही. कात्रीखाली काहीतरी ओलं लागलं. कुल्फीनं असा आवाज काढला की कस्तुराच्या हातातून कात्रीच गळाली. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडा काढून कुल्फी लुगड्यातून निसटली आणि खाटेखाली ट्रंकेमागं जाऊन बसली. फरशीवर रक्ताचे थेंब पडले होते. त्यातलं मांजराचं कुठलं आणि आपलं कुठलं ते कळेना.

आवाजानं दोघीतिघी दारात आल्या. रक्त पाहून एकीनं तोंडावर हात ठेवला. “सांगितलं होतं न्हवं? दाखवलं आईनं.” त्या गेल्या. कस्तुरा भिंतीला टेकून बसून राहिली. हात चुरचुरत होता, धुवायला पाहिजे होता, पण उठवेना. अख्ख्या आठवड्यातला एक दिवस मिळतो, तोही असा गेला, एवढंच तिच्या मनात येत होतं. रडावं म्हटलं तर त्यालाही अंगात त्राण नव्हतं. खाटेखालून मधूनमधून बारीक कण्हणं येत होतं.

दुपार कलायला लागली तेव्हा गिरजाबाई आत आली. विचारलं नाही, सांगितलं नाही, आधी तिनं कस्तुराचा हात मोरीत नेऊन धुतला. मग खाटेजवळ येऊन नाक आक्रसलं.

“वास येतुया,” ती म्हणाली.

“तेलाचा असंल.”

“तेलाचा न्हवं ह्यो. मला ठावं हाय कसला त्यो.”

ती गुडघ्यावर बसली, मग एका कुशीवर आडवी झाली आणि खाटेखाली हात घालून चुचकारत राहिली. जट दिसल्यापासून गिरजाबाईही रोज तिच्यापुढं दूध ठेवत होती, त्यामुळं कुल्फी तिच्या हाताला ओळखत होती. बऱ्याच वेळानं ती सरपटत बाहेर आली. गिरजाबाईनं तिला पोटाशी धरलं, पोटाखालच्या पाट्याची कड हलकेच उचलली आणि आत पाहिलं. आत कातडी लालबुंद, ओली, जागोजागी सोललेली होती. आघाड्याचे काटे रुतून तिथं पू झाला होता.

गिरजाबाईचा एक हात नकळत स्वतःच्या मानेमागं गेला, पदराच्या आत, आणि तिथंच राहिला.

“मावशी?”

“काप,” ती म्हणाली. “मी धरते.”

“आन तुमची आई?”

“मुक्या जितराबाला कसली आई लावतीस गं? त्येला बोलता येत न्हाई, म्हणून आपुन बोललो त्येच्या वतीनं. चूक झाली ती.” मग म्हणाली, “आता कातडी तेवढी सांभाळ. घाई करू नगं.”

कस्तुरानं कात्री उचलली, पण लगेच चालवली नाही. या वेळी तिनं आधी बोटांनी चाचपलं, गठ्ठा कुठं संपतो आणि कातडी कुठं लागते ते पाहिलं. मग फणी कातडीला आडवी टेकवून गठ्ठ्याखाली सारली, आणि फणीच्या वरच्या अंगानं कापलं. फणी मध्ये असल्यामुळं पातं कातडीला लागेना. जिथं फणी जाईना तिथं तिनं अंगाला लावायची पावडर शिंपडली, गठ्ठा उभा चिरला आणि बोटांनी थोडा थोडा सोडवत नेला. एका बोटाएवढा भाग मोकळा झाला की हात सोडायचा, कुल्फीला श्वास घेऊ द्यायचा, पुन्हा धरायचं. गिरजाबाई तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत होती. ओवी होती की नुसतं चुचकारणं, ते कळत नव्हतं. सुरुवातीला कुल्फी थरथरत होती, पुढं पुढं तिनं मान गिरजाबाईच्या कोपरावर टाकली आणि डोळे मिटले. ती गप्प पडली होती की थकून गेली होती, कुणास ठाऊक. तिघींतलं ताजंतवानं कुणीच नव्हतं.

पाटा सगळा निघाला तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं. उलथा केलेल्या घोंगडीच्या तुकड्यासारखा तो फरशीवर पडला. गिरजाबाईनं कोमट पाण्यानं जखमा पुसल्या, घरून हळद आणून दाबली. कुल्फी उठून उभी राहिली. पोट उघडं, पाय काटकुळे, मधेच पांढरे झुपके राहिलेले. दोन पावलं चालली, थांबली, मग मागचा पाय वर करून कित्येक दिवसांत पहिल्यांदा स्वतःचं पोट चाटायला लागली.

“किती बारीक हाय गं ही,” कस्तुरा म्हणाली. “मला वाटायचं धष्टपुष्ट हाय.”

गिरजाबाई खाली पडलेले गठ्ठे गोळा करत होती. तिनं ते फडक्यात बांधले. “ह्ये मी नदीला सोडते. कचऱ्यात नगं. तुझी हरकत हाय का?”

“माझी कसली हरकत? कापलं मी, सोडायचं तुमी बघा.”

कस्तुरानं चहा टाकला. दोघी भिंतीला टेकून बशीतून चहा प्यायल्या. कात्री अजून तिथंच पडली होती. कस्तुराला बोलावं की नको कळेना. शेवटी ती म्हणाली, “मावशी, तुमची बी काढू का? माझ्या आत्याची काढली होती. काय बी झालं न्हाई तिला.”

गिरजाबाईनं चहा संपवला, बशी पालथी घातली.

“तुझ्या आत्याची काढली तवा सगळं गावच काढत होतं. माझं तसं न्हाई.” ती दाराकडं बघत बोलत होती. “नवरा गेला, शेत दिराकडं गेलं. हितं आले लेकाच्या खोलीत. सून वाईट न्हाई, पण म्हातारी म्हंजे एक ताट जास्त. ह्या जटंपायी ती मला पयलं वाढती. बायका पाया पडत्यात, मावशी म्हणत्यात. उद्या ही काढली, तर कोण मी? कोपऱ्यातली म्हातारी.”

“मान दुखत आसंल की.”

“दुखती. पर मानंला सवय झाली आता. बाकीच्याची सवय न्हाई व्हायची.”

कस्तुरानं पुन्हा आग्रह केला नाही. एक तर तिच्यात बळ उरलं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे तिला ते कळलं होतं. कंपनीतून काढून टाकलं तर आपण कोण, हे तिनंही बाटल्या भरताना कित्येकदा स्वतःला विचारलं होतं.

थोड्या वेळानं गिरजाबाईनंच दार पुरतं लावून घेतलं आणि पदर खाली घेतला. “कापायची न्हाई हां,” ती म्हणाली. “खालचं तेवढं बघ. मला दिसत न्हाई, आन सुनंला दाखवायची लाज वाटती.”

जट ओंजळीत घेतली तेव्हा कस्तुरा दचकली. पाण्यानं भरलेल्या कळशीचं वजन कळावं तसं ते कळलं. तिच्याखाली मानेवर, कानाच्या मागं, कातडी कुल्फीसारखीच लाल झाली होती. कस्तुरानं बल्ब लावला, उरलेलं कोमट पाणी घेतलं, कापूस घेतला. ती पुसत राहिली, फुंकर घालत राहिली, कोरडं झाल्यावर पावडर लावली. गिरजाबाईनं एकदाच “स्स” केलं. पुढच्या गुरुवारी पुन्हा या, असं कस्तुरा म्हणाली. गिरजाबाईनं नुसती मान हलवली आणि पदर डोक्यावर घेतला.

ज्योतीराम परतला तेव्हा कुल्फी त्याच्या उशीवर झोपली होती. तो बराच वेळ बघत राहिला. “ही कुणाची मांजर?” त्यानं विचारलं. मग कस्तुराचा हात पाहिला. ती रात्र त्यानं उशीशिवाय काढली.

चाळीत बोलणं झालंच. कुणी म्हणालं, आता बघा काय होतंय ते. पुढच्या पंधरवड्यात गिरजाबाईच्या मुलाचा टेम्पो चाकणच्या रस्त्यावर पंक्चर होऊन दिवसभर पडून राहिला, तर तेही मांजराच्या नावावर जमा झालं. काही बायकांनी गिरजाबाईलाच विचारलं, तुम्ही असून कापू कसं दिलंत? ती म्हणाली, “देवीनंच मला धरायला सांगितलं.” ती खरंच तसं मानत होती की बायकांची तोंडं बंद करत होती, हे कस्तुरानं कधी विचारलं नाही. दारातल्या उदबत्त्या मात्र थांबल्या, आणि ज्योतीरामला झोप मिळू लागली.

थंडी पडली. उघड्या पोटाची कुल्फी दिवसभर ऊन शोधत फिरायची. हळूहळू पोटावर मऊ लव आली, मग लवेचे केस झाले. कंपनीत नवी ऑर्डर आली आणि ओव्हरटाइम पुन्हा सुरू झाला. कस्तुराला वाटलं, आता परत तेच होणार. पण एका दुपारी पाळी लवकर सुटली म्हणून ती उजेडी घरी आली, तर गिरजाबाई अंगणात उन्हात पाय पसरून बसली होती, मांडीत कुल्फी होती आणि हातात बाजारातून आणलेली नवी लाकडी फणी. ती कुल्फीच्या पोटाचे केस बारीक बारीक भाग पाडून विंचरत होती. हात जरा अडखळत होता. फणी कशी धरायची ते ती बोटांना पुन्हा शिकवत होती.

“तू जा, पड जरा,” ती म्हणाली. “हिचं मी बघते रोज. मला दुसरं काय काम हाय?”

कस्तुरा पडायला म्हणून निघाली, पण उंबऱ्यापर्यंत पोचली आणि तिथंच बसली. पाठ चौकटीला लागली. ऊन पायांवर येत होतं. आत ज्योतीराम घोरत होता. फणी केसांतून फिरल्याचा खसखस आवाज येत होता. तिला काहीतरी बोलायचं होतं, निदान चहा घेता का एवढं तरी. ते तोंडातच राहिलं. चपला पायात तशाच होत्या, डब्याची पिशवी मांडीवर होती, आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

पलीकडून तिला कुणीतरी हाक मारली. गिरजाबाईनं फणी थांबवली आणि हातानं खूण केली की नको, झोपू दे.